अठ्ठावन्न दात

‘शिनोळीची पाटी दिसली की मरतंय बघ हे,’
बाळाप्पा उचगावकर बॉनेटवर थाप मारून म्हणाले,
‘हिला पलीकडचं वावडं हाय.
लेक चंदगडला, गाडी कर्नाटकाची.’
उद्यमबागेत शेजारच्या फौंड्रीत
नेमकं तेव्हाच कुणी लोखंड ओतलं
आणि आमचं हसू त्या आवाजात बुडालं.

पेट्रोल पंप बदलून झाला होता, प्लग झाले होते,
बॅटरी तर दोनदा. एका शहाण्याने
आरशाला लिंबू-मिरची बांधून दोनशे घेतले होते.
मी विचारलं, बंद पडताना धक्के देते?
नाही. दिवा विझावा तशी.
आणि आरपीएमचा काटा? तो आधी पडतो, की गाडी आधी थांबते?
हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.
डोळे मिटून ते वेंगुर्ला रोडला लागले,
हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची…
‘काटा,’ म्हणाले. ‘चाकं फिरतच हुती. काटा आधी.’

दुसऱ्या दिवशी मी गाडी उलट्या दिशेला काढली.
पिरनवाडी, मच्छे, झाडशहापूर.
शेजारी सिद्राय, मांडीवर स्कॅनर.
बाविसाव्या मिनिटाला, प्रभूनगरच्या अलीकडे,
काटा पडला.
चहूबाजूंना कर्नाटकच. पाटी नाही, पोलीस नाही,
एक म्हैस फक्त, आमच्याकडे बघत.
म्हणजे सीमेचा यात हात नव्हता.
तापण्याचा होता.

स्क्रीनवर कोड आला: शून्य तीन तीन पाच.
‘गावला! बदलूया सेन्सर,’ सिद्राय म्हणाला.
कोड नुसता गल्लीचं नाव सांगतो रे,
घर आपण शोधायचं.
उंदराने वायर खाल्ली असेल, पिन हिरवी पडली असेल.
प्यायच्या पाण्याची बाटली मी
गिअरबॉक्सच्या तोंडाशी, बोटभर काळ्या प्लॅस्टिकवर
थेंब थेंब ओतली. वाफ आली.
चावी फिरवली.
एका झटक्यात सुरू.

गॅरेजात मीटर लावला. थंड असताना आठशे सत्तर ओहम.
हीट गन धरली, आकडे चढले, थरथरले,
मग काहीच नाही.
आतल्या केसाएवढ्या तारेला चीर होती,
तापली की तुटायची, निवली की जुळायची.
थंडीतच साक्ष देणारा साक्षीदार.

जुना सेन्सर काढला, त्या भोकातून टॉर्च मारली.
सिद्रायने पाना घालून फ्लायव्हील फिरवलं, मोजलं,
‘दोन दात मोडलेत की!’
मोडले नाहीत. साठांची जागा, दात अठ्ठावन्न,
कारखान्यातूनच तसं येतं.
सगळे सारखे असते तर इंजिनाला कळलंच नसतं
आपण कुठे आहोत.
रिकामी जागा समोरून जाते,
तिथून ते मोजायला लागतं,
ठिणगी कधी टाकायची ते ठरवतं.
तो वाकून बराच वेळ बघत राहिला.
‘आई गेली त्या साली,’
असंच सुरू होतं या पोराचं कुठलंही सांगणं.
मी काही बोललो नाही. टॉर्चचा सेल उतरत आला होता.

नवा सेन्सर कोल्हापूरच्या एसटीतून आला,
कंडक्टरच्या सीटखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून.
तेलाचा ओघळ पुसला, पिना घासल्या,
फट एक मिलिमीटर, ना कमी ना जास्त,
वायर सायलेन्सरपासून दूर बांधली.
लिंबू-मिरची तशीच ठेवली,
ते खातं आमचं नव्हे.

रविवारी ते चंदगडला निघाले.
पोचल्यावर फोन करा, म्हटलं.
फौंड्री बंद, एवढी शांतता की
डब्यात टाकलेला जुना सेन्सर सिद्राय हलवत होता
त्याची खुळखुळ ऐकू यायची.
तीन वाजले. पाच वाजले.
फोन आला नाही.
‘लेकीकडं जेवून झोपले असतील,’ सिद्राय म्हणाला
आणि शटर ओढायला उठला.